फट राहू दे

रविवार कारंजा, नाशिक

प्रिय सुन्या,

तुझ्या लेकीचा, चिऊचा फोटो मिळाला. खाली तू लिहिलंयस, ‘पुढच्या दातांतली फट तेवढी घालव, आजीच्या भिंतीवर लावायचाय.’ काम दोन मिनिटांचं. पण चार दिवस झाले, फोटो उघडतो, बघतो आणि बंद करतो. फोन केला असता तर तू मध्येच बोलला असतास, म्हणून पत्र.

माझ्या तुटक्या दाताची गोष्ट तुला ठाऊक आहे; निम्मी तर तुझ्यामुळेच घडली. सातवीत गोदाघाटावर ‘मी आधी, मी आधी’ करताना शेवाळावरून घसरलो आणि वरच्या पटाशीच्या दाताचा कोपरा रामकुंडाला अर्पण झाला. शूर्पणखेच्या नाकावरून ज्या गावाचं नाव पडलं म्हणतात, तिथे माझ्या दाताला कोण विचारतो! पण त्यानंतर तीस वर्षं मी तोंडावर हात धरूनच हसलो. दिवसभर स्टुडिओत फोटो काढताना गिऱ्हाइकाला म्हणायचं, ‘जरा मोकळं हसा की,’ आणि स्वतःच्या लग्नाच्या अल्बममध्ये प्रत्येक पानावर ओठ मिटून, पोटात दुखत असल्यासारखा उभा.

यंदा दिवाळीआधी पंचवटीतल्या डेंटल कॉलेजात कोपरा बसवून घेतला. दाताच्या रंगाचं कॉम्पोझिट, म्हणजे दात भरायचा मसाला, थराथराने चढवतात आणि निळ्या उजेडाने कडक करतात. घरी येऊन बत्तीशी दाखवत फिरलो. बायको म्हणाली, ‘केस कापलेत का?’ आई म्हणाली, ‘आज झोप झालेली दिसते.’ तीस वर्षं हात वर धरून हा निकाल.

पुढच्या खेपेला तिथल्या शिकाऊ डॉक्टरीणबाईंना हे सांगितलं, तर त्या हसायला लागल्या. त्यांच्या अभ्यासात म्हणे हेच आहे. १९९९मध्ये कोकिच, कियाक आणि शापिरो या तिघांनी अमेरिकेत हसण्याचे फोटो घेऊन त्यांत मुद्दाम आठ प्रकारचे दोष घातले. म्हणजे धंदा माझाच, फक्त उलटा! ते फोटो तारा बसवणाऱ्या डॉक्टरांना, साध्या दंतवैद्यांना आणि तुझ्यामाझ्यासारख्यांना दाखवले. पुढच्या दोन दातांमधली रेघ ४ मिलिमीटर बाजूला सरकली तरी आपल्यासारख्यांना कळलं नाही, साध्या दंतवैद्यांनाही नाही. हसताना हिरडी दिसते ना, ती तारवाल्यांना २ मिलिमीटरलाच खटकली, बाकीच्यांना ४ला. पण दात २ मिलिमीटर कलला, तर सगळ्यांनीच नाक मुरडलं.

मला हे लगेच पटलं. भिंतीवरची फ्रेम चार बोटं डावीकडे असली तर पाहुण्याला पत्ता लागत नाही. तीच जराशी तिरकी असू दे, तो चहा ठेवून उठतो आणि सरळ करतो.

निघताना बाई सहज म्हणाल्या, ‘तुमची मधली रेघ किंचित डावीकडे आहे हं.’ झालं! आता दाढी करताना मला दुसरं काही दिसतच नाही.

लग्नाच्या फोटोत दात पांढरे करून मागणारे रोज येतात. आमचा नियम साधा: डोळ्याच्या पांढऱ्यापेक्षा दात पांढरा झाला की माणूस खोटा दिसतो. आणि माझी पणजी आठव. दातवण लावून काळेभोर केलेले दात. तेव्हा सवाष्णीचं रूप ते होतं. तिच्या फोटोत मी काय दुरुस्त करायचं?

आता चिऊ. फट दिसत नाही असं मी म्हणणार नाही, दिसते. पण पोरगी नऊ वर्षांची आहे. तिचे वरचे सुळे अजून हाडात आहेत आणि शेजारच्या दातांच्या मुळांना रेटतायत, म्हणून पुढचे दात पंख्यासारखे फाकलेत. अकरा-बारा वर्षांला सुळे उतरले की लहान फट बहुतेक वेळा आपोआप मिटते. ब्रॉडबेंट नावाच्या डॉक्टरने १९३७मध्ये या वयाला ‘अग्ली डकलिंग’, म्हणजे बदकाचं कुरूप पिल्लू, म्हटलं. लेकरांना असलं नाव देववतं तरी कसं! सुळे आल्यावरही फट राहिली, किंवा २ मिलिमीटरहून मोठी वाटली, तर दाखव डॉक्टरांना. तार तेव्हाही लावता येईल.

पण फोटो रोज तिच्या डोळ्यांसमोर राहणार रे. ती आरशात एक चिऊ बघणार आणि भिंतीवर दुसरी, बापाने दुरुस्त करून घेतलेली. मग हात कधी वर जायला लागला ते तुला कळणारही नाही. माझ्या आईला कुठे कळलं होतं?

तेव्हा फोटो आहे तसाच १२ बाय १८मध्ये काढलाय. हनुवटीवरचं चॉकलेट तेवढं पुसलंय, त्याचे पैसे लावणार नाही. शनिवारी भाचा सोलापूरला येतोय, त्याच्याकडे देतो. बरोबर चिवडा आहे, तो तू एकट्याने संपवू नकोस.

मे महिन्यात तिला घेऊन ये. घाटावर आपल्या तिघांचा एक काढू. तुझा तो पुढे आलेला दात लपवलास तर क्लिकच करणार नाही.

तुझा,
बाळ्या