दगडावर नाव घालण्याआधी

चि. सोनू हिस अनेक आशीर्वाद.

गावच्या सैनिक स्मारकाचं काम कमिटीने तुझ्यावर सोपवलं, याचा फार आनंद झाला. पण अनावरण २६ जानेवारीला आणि नावं अजून वहीतच असतील, तर सरपंचांना स्पष्ट सांग की तारीख पुढे ढकलावी लागेल. एकदा कोरलेलं चुकीचं नाव कुणी बदलत नाही. कुणाचा तरी पणजोबा मग कायमचा दुसऱ्याच नावाने तिथे राहतो.

आधी चावडीतली जुनी संगमरवरी पाटी. नवी शिळा येतेय म्हणून ती काढू देऊ नकोस. पहिल्या महायुद्धानंतर इंग्रज सरकारने ज्या गावांतून माणसं गेली, त्यांतल्या कितीतरी गावांत अशा पाट्या बसवल्या. मजकूर ठरलेला: या गावातून १९१४ ते १९१९ च्या महायुद्धास इतके गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. म्हणजे आकडा आहे, नावं नाहीत. साताऱ्याजवळच्या अपशिंगे मिलिटरी या गावातून त्या एका युद्धात ४६ जण गेले ते परत आलेच नाहीत. आपल्या पाटीवरच्या आकड्याला नावं मिळवून देणं, हेच नव्या शिळेचं खरं काम आहे.

पाटी धुताना अ‍ॅसिड, सोडा, तारेचा ब्रश, पॉलिशपेपर काहीही जवळ येऊ देऊ नकोस. संगमरवर म्हणजे चुनखडीच. अ‍ॅसिड पडलं की फेसाळतो आणि अक्षरांच्या कडा बोथट होतात. साधं पाणी फवारायचं, पंधरा मिनिटं थांबायचं, मऊ ब्रशने खालून वर घासत जायचं. वरून सुरुवात केली तर मळक्या पाण्याचे ओघळ कोरड्या दगडात मुरतात. शेवाळ आणि चुन्याचे जुने थर बांबूच्या कामटीने हळूहळू सुटतात. अक्षरांत शिसं भरलेलं असेल आणि काही ठिकाणी गळून पडलं असेल, तर तिथे बारीक भोकं दिसतील. शिसं धरून राहावं म्हणून पाडलेली ती भोकं आहेत. ती कशी मांडली आहेत त्यावरूनही गळालेलं अक्षर ओळखता येतं, म्हणून ती लांबी (पुट्टी) भरून बुजवू देऊ नकोस.

आता नावं. पहिल्या आणि दुसऱ्या महायुद्धातल्या मृतांची नोंद कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन या युद्धातल्या मृतांची स्मारकं सांभाळणाऱ्या संस्थेकडे आहे आणि ती इंटरनेटवर शोधता येते. पहिल्या युद्धासाठी ते ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ हा काळ धरतात; त्यात सेवेत असताना आजाराने गेलेलेही येतात. आपणही तोच नियम ठेवावा असं माझं ठाम मत आहे. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, तापाने गेलेल्या शिपायाला यादीबाहेर ठेवणं अन्याय होईल.

शोधताना एकाच स्पेलिंगवर विसंबू नकोस. कारकुनाने कानावर पडलं तसं इंग्रजीत लिहिलं. पवारचा पोवार होतो, माने की मने ते कळत नाही, कुठे आडनावच नसतं, फक्त स्वतःचं आणि बापाचं नाव. म्हणून गाव, तालुका आणि पलटण घालून शोध. मग घरोघरी जा. पेन्शनचं पुस्तक, डिस्चार्जचा कागद आणि पदकं मागून बघ. पहिल्या युद्धाच्या चांदीच्या पदकाच्या कडेवर नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. पदक उजेडाकडे तिरकं धरलं की वाचता येतं. ते घासून चकचकीत करून देऊ नकोस, कडेवरची अक्षरं झिजतात. देव्हाऱ्यात किंवा ट्रंकेत पितळेसारखी दिसणारी, वीतभरापेक्षा लहान गोल थाळी सापडली, तर ती मृताच्या घरी पाठवलेली स्मृतिथाळी आहे. तिच्यावर नाव असतं, हुद्दा नसतो.

हुद्दा आणि पलटण त्या काळचीच ठेव. तेव्हाच्या जमादाराचा आजचा नायब सुभेदार करू नकोस. ११४ वी मराठा पलटण १९२२ नंतर पाचव्या मराठा रेजिमेंटमध्ये गेली. १९१८ साली गेलेल्या माणसापुढे ११४ वी मराठा हेच हवं. स्वातंत्र्यानंतरच्या जवानांसाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात अर्ज दे आणि रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला पत्र लिही. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं बेळगावला, महार रेजिमेंटचं सागरला. उत्तराला वेळ लागतो, तो धरूनच चाल.

क्रम हुद्द्याने लावला की भांडणं होतात. मृत्यूच्या वर्षाने लाव. हयात माजी सैनिकांसाठी वेगळी शिळा, आणि तिचा एक तृतीयांश भाग पुढच्या नावांसाठी कोरा.

शिळेचं माप नावांवरून काढ. चाळीस नावं दोन रांगांत म्हणजे वीस ओळी. अक्षर एक इंच, वरच्या मात्रा-वेलांट्या आणि खालचे उकार धरून ओळीला अडीच इंच. ओळींचे पन्नास, शीर्षकाचे दहा, एकूण पाच फूट. चार फुटी शिळा आणलीत तर कारागीर ओळी दाटतो आणि वरचा उकार खालच्या मात्रेत घुसतो. कोरीव निदान एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, खोल हवं. लेसरने नुसतं पांढरं केलेलं अक्षर नको. सोनेरी रंग पावसाळ्यांत उडतो. खोल अक्षर रंगाशिवायही वाचता येतं.

कॉम्प्युटरवर व्हॉट्सअ‍ॅपचा मजकूर जुन्या फॉन्टमध्ये टाकला की रफार आणि पहिली वेलांटी सरकते. शिर्के, सूर्यवंशी, शिंदे ही नावं आधी तपास. पूर्ण मापाचा कागदी नमुना पंधरा दिवस चावडीवर लाव, प्रत्येक घरातून सही घे, आणि शेवटी दोघांनी मिळून खालून वर एकेक नाव मोठ्याने वाचा. खालून वाचलं की नजर सवयीने पुढे पळत नाही.

शिळा नुसती चिकटवू नका. चार स्टेनलेस स्टीलच्या खुंट्या, मागे अर्धा इंच पोकळी. लोखंड गंजून फुगतं आणि कोपरा फोडतं. चौथऱ्याला बाहेरच्या बाजूला फुटाला पाव इंच उतार द्या.

आज संध्याकाळी अंधार पडला की टॉर्च घेऊन चावडीवर जा, पाटीच्या कडेला भिंतीला टेकवून धर. आडव्या उजेडात झिजलेलं अक्षरही उठून दिसतं. शेवटच्या ओळीतला आकडा नीट वाच आणि फोटो मला पाठव.

तुझे
बाबा