विषय : निचऱ्याचे छिद्र बुजवून सायलेन्सर गंजवला, वर वॉरंटी नाकारली

प्रति,
ग्राहक सेवा व्यवस्थापक यांस,

आज तुमच्या माणसाने बोलणे अर्धवट तोडून फोन ठेवला, म्हणून लेखी देत आहे.

तुमच्या बेळगावच्या वर्कशॉपने आमच्या पेट्रोल गाडीच्या मागच्या सायलेन्सरच्या तळाचे बारीक छिद्र वेल्डिंगने बुजवले, जॉबकार्डवर ‘लीकेज दुरुस्त’ लिहिले आणि त्याचे पैसे घेतले. ते लीकेज नव्हते. पाणी निचरून जावे म्हणून ते तुमच्याच कारखान्यात पाडलेले आहे.

एक लिटर पेट्रोल जळले की साधारण एक लिटर पाणी तयार होते. पाइप तापलेला असेल तर त्याची वाफ निघून जाते. थंडीच्या सकाळी गार पत्र्याला लागून त्याच वाफेचे पाणी होते आणि ठिबकते. टिळकवाडी ते कॅम्प एवढ्या छोट्या फेरीत मागचा सायलेन्सर पुरता तापतही नाही. छिद्र उघडे असते तर पाणी खाली गेले असते. बुजवल्यावर ते आतच साठले, धुरातली आम्ले त्यात उतरली आणि पत्रा आतून खाल्ला गेला. आज तळाच्या शिवणीवर बोट दाबले की पत्रा दबतो, तपकिरी पापुद्रे सुटतात. वरचा पत्रा मात्र अजून स्वच्छ आहे.

वॉरंटीत सायलेन्सर मागितला तर उत्तर काय? “सर, तुमच्याकडे पाऊस फार. गाडी पाण्यातून घातली असणार.” पाणी बाहेरून आले असते तर आधी बाहेर गंज दिसला असता, असे आम्ही सांगितले. “सिस्टीममध्ये ‘वॉटर एन्ट्री’ रिमार्क पडलाय, बदलता येत नाही.” छिद्र का बुजवले, हे विचारले. “कसलं होल, सर?” जॉबकार्ड वाचून दाखवले. त्यावर, “मग हेड गॅस्केट गेली असेल. गाडी सोडा, इंजिन उघडून बघू.” आणि फोन बंद.

इंजिन उघडणार! हेड गॅस्केट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारे कूलंट सिलिंडरमध्ये शिरू न देणारी पट्टी, गेली असती तर इंजिन तापल्यावरही दाट पांढरा धूर राहिला असता, त्याला गोडसर वास आला असता, कूलंट उतरत गेले असते. थंड इंजिनावर कूलंटची पातळी खुणेवरच आहे, इंजिन तापल्यावर धूर दिसत नाही. तरीही शंका असेल तर आधी कूलिंग सिस्टीमला प्रेशर टेस्टर लावा. रेडिएटरच्या तोंडावर निळ्या द्रावणाची चाचणी करा. जळलेला वायू कूलंटमध्ये शिरत असेल तर ते पिवळे पडते. गाडी बनवणाऱ्या कंपनीला हे ग्राहकाने शिकवायचे?

खानापूर-निपाणीकडच्या गाड्याही याच वर्कशॉपला येतात. त्यांतल्या किती सायलेन्सरची छिद्रे अशी बुजवली, ते तपासा. तुमच्या नावावर विश्वास ठेवून गाडी घेतली होती. तो विश्वास आता उरला नाही.

सायलेन्सर विनामूल्य बदलून द्या, बसवताना छिद्र तळाशी आणि उघडे आहे हे आम्हाला दाखवा. वेल्डिंगचे पैसे परत करा. ‘वॉटर एन्ट्री’ हा खोटा रिमार्क काढा. छिद्र तुम्ही बुजवले, गंज त्यामुळे धरला, हे लेखी मान्य करा.

पंधरा दिवसांत हे झाले नाही तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे बेळगावच्याच जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल होईल. जुना सायलेन्सर आमच्याच ताब्यात राहील. उद्यमबागेत तो उभा कापून घेऊ आणि वेल्डिंगचा टाका व आतला गंज दोन्ही आयोगापुढे ठेवू.

एक ग्राहक,
टिळकवाडी, बेळगाव

सोबत : जॉबकार्ड व बिलाची प्रत, सायलेन्सरचे फोटो