स्किझोफ्रेनिया म्हणजे फक्त भास नव्हेत

मा. संपादक,

कानात आवाज येणे आणि विनाकारण संशय, एवढाच स्किझोफ्रेनिया लोकांना माहीत असतो. ही लक्षणे बहुतेकांची गोळ्यांनी काही आठवड्यांत उतरू लागतात. मागे जे उरते, ते मात्र घरात कुणी आजारात धरत नाही. मुलगा अंघोळ टाळतो, विचारले तर 'हं' म्हणतो, पाहुणे आले की आतल्या खोलीत जातो, चेहऱ्यावर ना हसू ना राग. मग 'आयतं खायची सवय लागली' हे ऐकावे लागते. हाच आजार असलेल्या, विडी वळणाऱ्या बाईचे हात शाबूत असतात. पण पान कापणे, तंबाखू भरणे, वळणे, दोरा बांधणे हा क्रम मधेच तुटतो. तिला कामचुकार ठरवून सगळे मोकळे होतात. लक्ष न टिकणे हाही आजाराचाच भाग आहे, आणि त्यावर गोळ्या तोकड्या पडतात. रोज ठरल्या वेळी एकच छोटे काम आणि एका वेळी एकच सूचना, हे जास्त कामी येते.

'मला काही झालेलं नाही' हे रुग्णाचे म्हणणेही बहुधा लक्षणच. वाद घालू नये. झोप लागत नाही ही तक्रार त्याची स्वतःची असते. तिच्यासाठी तो डॉक्टरांकडे यायला तयार होतो.

गोळ्या सुरू झाल्यावर एका जागी बसवेना, सारख्या येरझाऱ्या सुरू झाल्या, तर तो औषधाचा दुष्परिणाम असू शकतो. गोळ्या परस्पर बंद न करता डॉक्टरांना सांगावे. डोस बदलता येतो. ओलान्झापिन किंवा क्लोझापिन या गोळ्या घेणाऱ्याने विडी-सिगारेट किती ओढतो तेही सांगावे. धुरामुळे औषधाची रक्तातली पातळी घटते, एकदम सोडली तर वाढते. काही गोळ्यांनी घाम कमी येतो. आपल्या सोलापुरी उन्हाळ्यात दुपारी बाहेर पाठवू नये.

'लग्न करून द्या, ताळ्यावर येईल' हा सल्ला तर सर्वांत घातक. आजार लपवून लग्न होते, सासरी गोळ्या लपवाव्या लागतात, चुकतात, आणि आजार उलटतो. घरात साखळीने बांधणारेही आहेत. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने साखळीला बंदी आहे.

आपल्याकडे एक विनंती. 'माथेफिरूचा हल्ला' असे मथळे टाळावेत. हे रुग्ण मारणाऱ्यांपेक्षा मार खाणाऱ्यांतच जास्त असतात. मनोविकाराच्या बातमीखाली टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक छापावा. एक ओळ लागेल. तिथे चोवीस तास, मराठीत, मोफत बोलता येते.

– एक वाचक, सोलापूर