कात्रण मी काढलं, आता तुमची पाळी

संपादक साहेब,
स.न.वि.वि.

आमच्या ज्युनियर कॉलेजात केमिस्ट्री लॅबच्या बाहेर एक नोटीस बोर्ड आहे, काच कधीच फुटलीय, नुसतं हिरवं कापड उरलंय. त्यावर मार्च 2023 पासून आपल्याच पेपरचं एक कात्रण लावलेलं होतं, रूम टेंपरेचरला विजेचा रेझिस्टन्स, म्हणजे अडथळा, शून्य, आता वीज वाया जाणार नाही वगैरे, आणि खाली ल्युटेशियम, हायड्रोजन आणि चिमूटभर नायट्रोजन अशी रेसिपी. चार टाचण्या मारून मीच लावलं होतं आणि अकरावीच्या पोरांना तोऱ्यात सांगितलं होतं, बघा रे, आपल्या धड्यातलं हायड्राइड, म्हणजे धातू आणि हायड्रोजनचं संयुग, थेट पहिल्या पानावर.

परवा बारावीतली एक मुलगी बोर्डापाशी उभी राहून मोबाईलमध्ये काहीतरी बघत होती, मग आत येऊन म्हणाली, "सर, हे तर मागे घेतलंय की, नोव्हेंबर तेवीसलाच." म्हटलं दाखव, तर दाखवलंन तिने. आता खोटं कशाला बोलू, मला ते अजिबात माहीत नव्हतं असं नाही, कानावर आलं होतं, पण काढू उद्या, काढू उद्या करत कात्रण तिथंच राहिलं. माझी चूक माझ्या पदरात. पण ती मागे घेतल्याची बातमी आपल्या पेपरात कुठल्या पानावर आली ते मी लायब्ररीतली फाईल काढून शोधलं, नोव्हेंबर आणि डिसेंबर दोन्ही महिने, एक ओळ सापडली नाही.

झालं काय होतं ते थोडक्यात. अमेरिकेतल्या रोचेस्टर युनिव्हर्सिटीच्या रंगा डायस यांच्या ग्रुपने 'नेचर' या जर्नलमध्ये दावा केला की हा पदार्थ 21 अंश सेल्सियसला सुपरकंडक्टर होतो, म्हणजे रेझिस्टन्स शून्य, तेही फक्त दहा हजार अॅटमॉस्फिअरच्या, म्हणजे हवेच्या दाबाच्या दहा हजारपट, आसपासच्या प्रेशरला. दाबलं की त्याचा रंग निळ्याचा गुलाबी आणि मग लाल होतो म्हणून फोटोपण झकास होते. दुसऱ्या लॅबवाल्यांनी करून बघितलं, रंग बदलला पण रेझिस्टन्स काही शून्य होईना. शेवटी 11 पैकी 8 सहलेखकांनीच शोधनिबंध मागे घ्या म्हणून सांगितलं. आणि याच ग्रुपचा 2020 चा कार्बन-सल्फर-हायड्रोजनवाला शोधनिबंध त्याआधीच, सप्टेंबर 2022 मध्ये, 'नेचर'ने मागे घेतलेला होता, म्हणजे पहिल्या पानावर टाकण्याआधी कुणीतरी दोन मिनिटं थांबायला हवं होतं की नको?

पण माझं खरं दुःख वेगळंच आहे. या खोट्या निघालेल्या बातमीच्या नादात खरी गोष्ट पोरांपर्यंत पोचलीच नाही. 2019 मध्ये जर्मनीत माइन्झला मॅक्स प्लांक इन्स्टिट्यूटमध्ये मिखाइल एरेमेत्स यांच्या टीमने लँथेनम या धातूचं हायड्राइड दाबून बघितलं, एलए-एच-टेन म्हणतात त्याला, म्हणजे एका लँथेनममागे दहा हायड्रोजन, आणि ते 250 केल्विनला सुपरकंडक्टर झालं. 250 केल्विन म्हणजे उणे 23 सेल्सियस, लडाखमध्ये द्रासला हिवाळ्यात याहून जास्त गारठा पडतो! नुसतं मीटरवर रेझिस्टन्स पडलेला दाखवून ते थांबले नाहीत, हायड्रोजनच्या जागी ड्युटेरियम, म्हणजे हायड्रोजनचाच दुप्पट जड भाऊ, घालून बघितलं तर तेच टेंपरेचर 180 केल्विनवर उतरलं. अणू जड केला की सुपरकंडक्टर होण्याचं टेंपरेचर खाली येतं म्हणजे हा खेळ हायड्रोजनच्या थरथरण्याचाच आहे, हा केवढा देखणा पुरावा! हलका अणू, म्हणून जोरात थरथर, म्हणून जास्त टेंपरेचरला सुपरकंडक्टर, हे गणित कॉर्नेलच्या नील अॅशक्रॉफ्ट यांनी नुसत्या हायड्रोजनसाठी 1968 मध्येच मांडलं होतं, आणि 2004 मध्ये म्हणाले की नुसता हायड्रोजन दाबवत नसेल तर त्यात धातू वगैरे घाला, तो आतूनच थोडा दाबून ठेवेल.

आता त्यातली केमिस्ट्री, आणि ही मी वर्गात सांगतो तशीच सांगतो. साध्या हायड्रोजनच्या रेणूत दोन अणूंमधलं अंतर 74 पिकोमीटर. लँथेनम आपले इलेक्ट्रॉन देतो, ते जाऊन बसतात अँटीबाँडिंग ऑर्बिटलमध्ये, म्हणजे बाँड कमजोर करणाऱ्या जागी, अकरावीत बाँड ऑर्डरची गणितं घोकतो ना, तीच इथं कामाला येतात, जोडी सैल होते, अंतर 110 च्या आसपास जातं, आणि हायड्रोजन जोडीजोडीने न राहता सगळे मिळून लँथेनमभोवती 32 अणूंचा पिंजरा विणतात. मी एकदा करंडीत चेंडू ठेवून दाखवलं होतं, पोरं हसली पण विसरली नाहीत.

अडचण कुठे आहे तर प्रेशरमध्ये. 170 गिगापास्कल, म्हणजे सतरा लाख अॅटमॉस्फिअर. पृथ्वीच्या पोटात जिथं गाभा सुरू होतो तिथंसुद्धा 136 च असतं. दोन हिऱ्यांच्या टोकांमध्ये केसाच्या जाडीपेक्षा लहान कण धरून लेझरने तापवायचा, हिरा कधी तडकेल सांगता येत नाही. त्याची वायर काढून एमएसईबीच्या खांबावर टाकता येणार नाही, हे वाचकाला साध्या शब्दात सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? तरी बातमी भारीच होती की.

आणि गंमत म्हणजे लँथेनम हायड्राइडचा भाऊबंद तुमच्या आमच्या घरात पडलेला असतो. चार्जिंगवाले पेन्सिल सेल घ्या, 1.2 व्होल्टचे, त्यावर निकेल मेटल हायड्राइड लिहिलेलं असतं. आतल्या मिश्रधातूत निकेलबरोबर लँथेनम आणि त्याची भावंडं असतात, चार्ज करताना त्यात हायड्रोजन शिरतो, वापरताना बाहेर येतो, बिनबोभाट, हजारदा. फक्त तिथं धातूच्या एका अणूमागे साधारण एकच हायड्रोजन मावतो, इथं दहा कोंबलेत. पॅलेडियम आपल्या आकारमानाच्या नऊशे पटीपर्यंत हायड्रोजन पितो हे तर थॉमस ग्रॅहम यांनी 1866 लाच सांगितलेलं. तुमच्या रविवार पुरवणीत हायड्रोजनच्या गाड्यांवर लेख आला होता, त्यात धातूच्या भुकटीत हायड्रोजन साठवणार एवढं एक वाक्य होतं, पण मॅग्नेशियम हायड्राइडमध्ये वजनाच्या 7.6 टक्के हायड्रोजन मावतो खरा, तो परत काढायला 300 अंशांच्या आसपास तापवावं लागतं, हे लिहिलं असतं तर वाचणाऱ्याला कळलं असतं गाडी का अडलीय.

असो, लांबलं. माझं मागणं मोठं नाही. पहिलं पान नको, आतल्या पानावर दोन इंचाचा चौकोन द्या, अमुक तारखेला दिलेली बातमी मूळ जर्नलने मागे घेतली आहे, एवढंच. कोरियावाल्या एलके-99 चा रूम टेंपरेचर सुपरकंडक्टरचा दावाही दुसऱ्या लॅबमध्ये टिकला नाही, त्यात हायड्रोजन नव्हता पण गाजावाजा तेवढाच होता, त्याचाही त्याच चौकोनात निकाल लावा.

कात्रण मी त्याच दिवशी काढलं. बाकीचं कापड उन्हाने पांढुरकं पडलंय, तेवढा चौकोन मात्र नव्यासारखा हिरवागार आहे, टाचण्या अजून तिथंच आहेत. तुमचं छापून आलं की तिथंच लावतो.

आपला,
केमिस्ट्रीचा एक मास्तर, जि. सातारा