टक्के बघतात, संदर्भ कोण उघडून बघणार?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका कॉलेजची लायब्ररी सांभाळते. मागच्या महिन्यात पीएचडी करणारी एक मुलगी आली, विषय खाडीतल्या कालवांचा, हातात 14 पेपरांची यादी, म्हणाली मॅडम यातले पाच काही केल्या मिळत नाहीयेत, मागवून द्या ना. दोघींनी बसून एकेक शोधला. एक जुना होता तो मिळाला. बाकी चारांचं काय, तर जर्नल खरं, लेखकाचं नावही खरं, पण त्या अंकात त्या पानावर भलताच लेख आणि डीओआय, म्हणजे पेपरचा ऑनलाइन ओळख क्रमांक, टाकला तर काही उघडतच नाही. मग हळूच म्हणाली, यादी चॅटजीपीटीने दिलीय. रडकुंडीला आली पोर, कारण चॅप्टर गाईडकडून ओके होऊन आला होता.

तिला मी दोष देणार नाही, तिला हे शिकवलंय कोणी? यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, 2019 च्या डिसेंबरात पीएचडीवाल्यांना रिसर्च अँड पब्लिकेशन एथिक्सचा 2 क्रेडिटचा, 30 तासांचा कोर्स कम्पल्सरी केला. फसवी जर्नल्स, डेटाबेस सगळं आहे त्यात. पण मी जे बघितलंय ते असं की पीपीटी ग्रुपवर येते, सह्या होतात, संपलं. नंतर सगळ्यांचा जीव एकाच आकड्यात, सिमिलॅरिटी, म्हणजे दुसऱ्यांच्या लिखाणाशी जुळणारा मजकूर, 10 टक्क्यांच्या आत आली ना! अहो, ते सॉफ्टवेअर जुळणारा मजकूर शोधतं, जो पेपर कुणी लिहिलाच नाही तो कशाशी जुळणार? बनावट संदर्भ तिथून आरामात पास होतो.

जर्नलचंही तेच. आधी निदान यूजीसी केअरची, म्हणजे मान्य जर्नलांची, यादी होती, तिच्यातल्या जर्नलांच्याही नकली वेबसाइट निघाल्या होत्या ते वेगळं. फेब्रुवारी 2025 मध्ये यूजीसीने ती यादी बंद केल्याचं जाहीर केलं, आता पारख युनिव्हर्सिटी-कॉलेजांनीच करायची. आपल्याकडे बंदरावर कल्ला उचलून लाल आहे का बघितल्याशिवाय कुणी बांगडा घेत नाही, आणि तीच माणसं "चार दिवसांत पब्लिश करतो" असा मेल आला की पैसे पाठवून मोकळी होतात.

आणि हे पेपरापुरतं राहत नाही. तौक्ते वादळाच्या वेळी, मे 2021 मध्ये, एका पीएचडी झालेल्या सरांनी स्टाफ ग्रुपवर कुठल्यातरी परदेशी किनाऱ्यावरच्या लाटांचा व्हिडिओ आपल्याकडचा म्हणून टाकला. आमच्या लॅबमधल्या शिपायाचं घर बंदराला लागून, त्याच्या घरच्यांनी रात्र जागून काढली. हवामान खात्याचं बुलेटिन तर दर तीन तासांनी येत होतं, ते ग्रुपवर एकानेही टाकलं नाही.

माझं म्हणणं एवढंच की त्या 30 तासांतले 10 तरी लायब्ररीत घ्या, मराठीतून, प्रत्येकाने आपल्याच चॅप्टरची यादी आणायची आणि एकेक संदर्भ उघडून दाखवायचा. गाईडनेही सही करण्याआधी मनाला येतील ते पाच संदर्भ स्वतः उघडावेत. पैसे लागत नाहीत याला, शोधगंगा या वेबसाइटवरचे पीएचडीचे प्रबंध फुकट, मागे घेतलेल्या पेपरांचा रिट्रॅक्शन वॉचचा डेटाबेसही फुकट. जिल्ह्यातल्या कुठल्याही कॉलेजने बोलावलं तर मी शनिवारी येऊन घ्यायला तयार आहे, मानधन नको, फक्त इंटरनेट चालू असलेले चार कॉम्प्युटर ठेवा.

आपली,
एक ग्रंथपाल, जि. रत्नागिरी