मित्रास पत्र: कुळाच्या नातवाला

लातूर

प्रिय मित्रा,

तुझ्या पत्रातलं एकच वाक्य मनात घेऊन महिनाभर फिरतोय. "घर मालकाचं. त्याला नको असेल तर भाडेकरूनं निमूट निघावं, तू कशाला मधे पडतोस?" राग नाही आला, पण कुळाच्या नातवानं हे लिहावं याचं वाईट वाटलं. तुझ्या आजोबांनी दुसऱ्याच्या नावावरची जमीन कसली. हैदराबादचा १९५० चा कूळ कायदा आला, संरक्षित कूळ म्हणून त्यांचं नाव लागलं, म्हणून ते शेत आज तुमचं आहे. तेव्हाही गावात कुणीतरी म्हणालंच असेल, जमीन तर मालकाची.

आमच्या लॉ कॉलेजच्या विधी सहाय्य केंद्रात मागे एक मावशी आल्या. मेसमध्ये पोळ्या करतात, दोन लेकरं आहेत, आठ वर्षं त्याच दोन खोल्यांत राहतात. इथं बाहेरगावची पोरं शिकायला येतात आणि खोलीपेक्षा कॉटवर भाडं जास्त सुटतं, त्यामुळं मालकाला तिथं हॉस्टेल काढायचंय. जा म्हणून त्या जाईनात, तर त्यानं बोअरचं पाणी तोडलं. लातुरात पाणी तोडणं म्हणजे काय, ते २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं आलेलं पाणी प्यालेल्या माणसाला सांगायला नको. चौथ्या गल्लीतून हंडे आणून त्या पहाटे कामाला जात होत्या.

माझ्या विद्यार्थिनीनं पहिलाच प्रश्न विचारला, "करार आहे का?" मावशी "नाही" म्हणाल्या आणि उठल्याच. कागद नाही म्हणजे हक्क नाही, असं त्यांनी धरूनच ठेवलेलं. मी त्यांना बसवलं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९, कलम ५५: करार लेखी करून नोंदवायची जबाबदारी मालकाची. त्यानं ती पाळली नाही, तर भाड्याच्या अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल तेच धरलं जातं. तसं नव्हतं हे मालकानं सिद्ध करायचं. अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही, हा समजही खोटा. हे ऐकल्यावर मावशींनी पिशवीतून एक वही काढली. दर महिन्याचं भाडं मालकाच्याच अक्षरात! त्या वहीला त्या इतके दिवस पुरावा समजतच नव्हत्या.

पोरांनी नोटिशीचा मसुदा चारदा लिहिला. पहिल्या तीन मसुद्यांत नुसता संताप होता, तारखा नव्हत्या. चौथ्यात पाणी कधी तुटलं, कुणासमोर तुटलं, सगळं आलं. कलम २९ प्रमाणे मालकाला पाणी किंवा वीज तोडता येत नाही, तोडलं तर कोर्ट जोडून द्यायला लावतं. विद्यार्थ्यांना कोर्टात उभं राहता येत नाही, पूर्णवेळ प्राध्यापकांनाही नाही. मी वकील असून दिवसाला तीन तासांपर्यंत शिकवू शकतो, म्हणून माझा पाय दोन्हीकडे. स्त्रियांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, तेव्हा कोर्टातल्या अर्जाचीही तयारी ठेवली होती. पण नोटीस पोचली आणि तिसऱ्या दिवशी मालकानं पाणी सोडलं.

पाणी सोडलं, पण 'खोली सोडा' हे काही सोडलं नाही. आता तो भाडं घेत नाही. भाडं द्यायची तयारी होती हे पुढं दाखवता यावं, म्हणून दर महिन्याला ते देऊ केल्याचा पुरावा ठेवायला मावशींना शिकवलंय. त्याची गरज खरी असेलही. त्याच्यावर कर्ज आहे हे मला माहीत आहे. कायदा त्यालाही दार उघडं ठेवतो. कोर्टात यावं, गरज सिद्ध करावी. माझा आग्रह एवढाच की माणसाला घराबाहेर काढायचं तर न्यायाधीशासमोर काढा, पाणी तोडून नाही.

किती जण आमच्यापर्यंत पोचायच्या आधीच रात्रीतून सामान हलवतात, ते मला झोपू देत नाही. कुलूप लावून कुणाला बाहेर काढलं, तर सहा महिन्यांच्या आत ताबा परत मागता येतो. पण हे कळेपर्यंत माणूस दुसऱ्या गावी गेलेला असतो.

तुझ्या वडिलांनी वरच्या दोन खोल्या भाड्यानं द्यायचं ठरवलंय ना? करार नोंदवून घ्या, पावती देत जा. मसुदा मी करून देतो.

आणि एक काम आहे. इथल्या गंजगोलाई बाजारातल्या एका जुन्या दुकानाचं प्रकरण आलंय. दुकान दुकानदाराच्या आजोबांच्या काळापासून भाड्यानं आहे आणि जुन्या पावत्या सगळ्या उर्दूत. १९५४ चा हैदराबादचा भाडे कायदा २००० साली जाऊन १९९९ चा हा नवा कायदा लागू झाला, तरी आमचं सगळं त्या पावत्यांवरच उभं आहे, आणि केंद्रात त्या वाचणारं कुणी नाही. तुझे आजोबा निजामाच्या शाळेत उर्दूत शिकलेले. त्यांना अजून दिसतं का नीट? शाई फिकट झालीय, फोटोत उमटत नाही, म्हणून मीच घेऊन येतो. रविवारी सकाळी ते घरी असतील का, तेवढं कळव.

तुझाच