काकू, ती कांडं मीच कापली होती

ती. काकूंना,
सा. न. वि. वि.

हे पत्र मुद्दाम सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय. गेली दोन वर्षं तुमचं श्रेय मी गपचूप पदरात पाडून घेतेय. आपल्या बिल्डिंगमध्ये मला आता ‘ऑर्किडवाली’ म्हणतात. लोक मरायला टेकलेल्या कुंड्या घेऊन दारात येतात आणि मी डॉक्टरीणबाईंसारखी पानं उलटसुलट करून बघते. सांगते ते सगळं तुमचंच, कौतुक मात्र माझं होतं. एकदाचं कबूल करून टाकावं म्हटलं.

२०२१ च्या दिवाळीत ऑफिसातून मला ते जांभळं ऑर्किड, फॅलेनॉप्सिस, मिळालं. आमच्याकडे तुळस, जास्वंद, कढीपत्ता सगळं जसं वाढतं तसंच हेही वाढेल, अशी माझी समजूत. फुलं गळल्यावर मी ते चांगल्या काळ्या मातीत, शेणखत घालून लावलं आणि रोज सकाळी तांब्याभर पाणी सुरू केलं. पानं सुरकुतली. सुरकुतली म्हणजे तहानलेली, म्हणून संध्याकाळी अजून एक तांब्या. तुम्ही शेजारच्या गॅलरीतून हे किती दिवस बघत होतात देव जाणे. एका रविवारी राहवलं नाही आणि तुमच्यातली सावंतवाडी बाहेर आली, “अगो, इतक्या पाणी कित्याक?”

पुढचा अर्धा तास माझ्या ओट्यावर पेपर पसरून तुम्ही जे केलंत, ते मी आजही तसंच करते. झाड उपटून नळाखाली मुळं धुतलीत. मग एकेक मूळ दोन बोटांत दाबून बघितलंत. कडक लागलं तर राहू द्यायचं. एक तपकिरी मूळ तुम्ही माझ्या हातात दिलंत आणि ओढायला सांगितलंत. साल मोज्यासारखी सरकन निघून आली, आत फक्त दोऱ्याएवढी शीर. पाणी जास्त झालं होतं, ते प्यायला मुळंच उरली नव्हती, म्हणून पानं सुरकुतलेली. मी तहान समजले होते ते बुडणं होतं.

कात्री गॅसवर धरून तापवलीत, गार होऊ दिलीत, मगच लावलीत. मला तेव्हा तो जरा सोवळ्यातला प्रकार वाटला होता. पण कात्रीच्या पात्याला लागलेल्या रसातून ऑर्किडचे विषाणू एका झाडातून दुसऱ्यात जातात आणि एकदा शिरले की त्यावर औषध नाही, हे तुमचं वाक्य डोक्यात बसलं. आता प्रत्येक झाडाआधी तापवते. कापाला चिमूटभर दालचिनीची पूड, तीही फक्त कापाला. मी उत्साहाने मुळांवर भुरभुरवायला निघाले तेव्हा तुम्ही मनगट धरलंत, कारण तिने चांगली मुळंही सुकतात.

चार मुळं उरली. त्या चार मुळांवर ते झाड आजही जगतंय.

माती गेली ती गेलीच. तिच्या जागी इस्त्रीवाल्याकडून न जळलेला लोणारी कोळसा, विटेचे तुकडे आणि तुमच्या माहेरचं सोडण, म्हणजे नारळाची काथ्यासकट साल. ते सोडण चार-पाच दिवस भिजत घालून रोज पाणी बदलायचं, पाण्याचा चहासारखा रंग जाईपर्यंत. माझ्या सासूबाईंनी विचारलं, “मातीशिवाय जगतं म्हणजे हे बांडगूळच ना?” तुम्ही खुर्ची ओढून बसलात. बांडगूळ झाडाच्या अंगात शिरून त्याचा रस पितं. हे नुसतं फांदीवर बसतं. पावसाचं पाणी, सालीत अडकलेला पालापाचोळा, यावर भागवतं. मग तुमच्या माहेरच्या फणसावर मे-जूनमध्ये लोंबणाऱ्या ऑर्किडची, सीतेच्या वेणीची, गोष्ट आली, वीतभर लांब, पांढऱ्यावर जांभळे ठिपके. तेच फूल आसामात बायका बिहूला केसांत माळतात आणि ते त्यांचं राज्यफूल आहे, हे ऐकून सासूबाईंचं बांडगुळाबद्दलचं मत तिथल्या तिथे बदललं. आंबोलीला गेलो तेव्हा मला ऑर्किड लागलेली एक फांदी तोडून आणायचा मोह झाला होता, तेही तुम्हाला सांगून बसले. तुम्ही रागावला नाहीत. एवढंच म्हणालात की ऑर्किडचं बी धुळीसारखं असतं, त्यात शिदोरी नसते, ठरावीक बुरशी भेटली तरच रुजतं. म्हणजे एक झाड काढलं तर तिथे दुसरं कधी येईल काही सांगता येत नाही. पुन्हा मोह झाला नाही.

पाणी घालायचं ते मुळं बघून. हिरवी दिसली तर थांबायचं, चंदेरी झाली की घालायचं, तेही सकाळी, आणि पानांच्या मधल्या खोबणीत साचू द्यायचं नाही. नवं मूळ आणि फुलांचा दांडा यातला फरकही तुम्हीच दाखवलात. मुळाचं टोक गोल आणि चकचकीत, दांड्याचं चपटं, लहान मुलाच्या हातमोज्यासारखं. डिसेंबरात आपल्या ठाण्यातही रात्री जरा गार व्हायला लागल्या आणि पानाच्या बगलेतून तो हातमोजा डोकावला, तेव्हा मी रात्री साडेदहाला तुमची बेल वाजवली होती. तुम्ही गाऊनवर शाल गुंडाळून आलात.

फुलं संपल्यावर दांड्याचं काय करायचं हेही त्याच झाडावर शिकले. वाळून तपकिरी झाला तर बुडाशी कापायचा. हिरवा असेल तर खालून दोन-तीन गाठी मोजून, गाठीच्या अर्धा इंच वर. तिथून कधी आडवी फांदी फुटते आणि पुन्हा फुलं येतात. पण झाड अशक्त असेल तर हिरवा दांडाही काढून टाकायचा, आधी त्याला पानं-मुळं करू द्यायची.

आणि इथे माझा शहाणपणा नडला. नर्सरीतून मी एक डेंड्रोबियम, हे दुसऱ्या प्रकारचं ऑर्किड, आणलं होतं. त्याची तीन कांडं, म्हणजे उसासारखी उभी खोडं, बिनपानांची, सुरकुतलेली, काठीसारखी. वाळलं ते कापायचं, एवढं मला आता येत होतं. तुम्हाला न विचारता तिन्ही बुडाशी छाटली, कात्री नीट तापवून, वर दालचिनीसुद्धा लावली, आणि कचऱ्याच्या पिशवीत घालून दाराबाहेर ठेवली. आठवड्याने तुम्ही कुंडी बघितलीत आणि म्हणालात, “कांडं कमी दिसतात.” मी म्हटलं, “वाळून पडली.” तुम्ही “हो का” म्हणून आत गेलात. मग दोन दिवसांनी सहज काहीतरी सांगावं तसं सांगितलंत की डेंड्रोबियमची जुनी कांडं म्हणजे कोठार, पाणी-अन्न त्यात साठवलेलं, नवा कोंब त्यावर पोसतो, कधी त्याच म्हाताऱ्या कांड्यावर पुन्हा फुलंही येतात. म्हणून फुलांची वाळलेली काडी तेवढी काढायची, कांड्याला हात लावायचा नाही. मी मान डोलावत ऐकत होते. खोटं बोलल्याचं कळलंय हे मला माहीत होतं, ते मला माहीत आहे हे तुम्हालाही.

दीड वर्षाने तुम्ही नागपूरला लेकाकडे राहायला निघालात. सामानाचा टेम्पो खाली उभा, आणि तुम्ही एक छोटी कुंडी घेऊन आलात. तीन कांडी, कोवळी पानं, एका काडीवर पाच कळ्या. “ही तुझीच,” म्हणालात. त्या पिशवीतली कांडं तुम्ही त्याच सकाळी उचलली होतीत. पेढ्यांच्या प्लास्टिकच्या डब्यात ओल्या सोडणावर आडवी ठेवलीत, दोन-अडीच महिन्यांनी एका गाठीला पोर, म्हणजे नवं रोपटं, फुटलं. मुळं दोन इंचांची झाल्यावर वेगळं करून वाढवलंत. हे सगळं भिंतीपलीकडे चाललं होतं आणि मी तुमच्याकडे रोज चहाला येत होते.

त्या दिवशी धन्यवाद म्हणायचं राहिलं, टेम्पोवाला हॉर्न देत होता. आता म्हणते. काकू, मनापासून आभार. आणि कांडं वाळून पडली नव्हती, मी कापली होती.

मध्यंतरी फोनवर म्हणालात की नागपूरच्या उन्हाळ्यात ऑर्किड ठेवायचा धीर होत नाही. मी विचार करून ठेवलाय. मे महिन्यात ते कूलरच्या खोलीत, वाऱ्याच्या झोतापासून हातभर बाजूला, खाली पाणी आणि खडे घातलेली थाळी, उंबऱ्याबाहेर अजिबात नाही. चुकत असेल तर सांगा.

कारण तुमच्या त्या कुंडीवर यंदा गाठीला पोर आलंय. मुळं मोजली, सव्वादोन इंच आहेत. पाऊस पडून जरा गारवा आला की जुलैत विदर्भ एक्सप्रेसने मीच घेऊन येते, पार्सलने पाठवणार नाही. सोडण इथूनच भिजवून आणेन. तुम्ही कोळसा तेवढा बघून ठेवा.

तुमची,
शेजारच्या गॅलरीतली